तिमिर आणि शलाका

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गुरुगीतेतला एक श्लोक आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गुरुवारच्या आरतीआधी आपण तो म्हणतोच. अज्ञानाच्या अंधाराने ज्याला दिसेनासे झाले, त्याचे डोळे ज्ञानाच्या अंजनकाडीने ज्याने उघडले त्या गुरूला नमस्कार, असा त्याचा भावार्थ. लहानपणापासून म्हणत आलो, त्यामुळे शब्दांकडे आता लक्षही जात नाही. आज त्यातल्या दोनच शब्दांपाशी थोडे थांबू. एक तिमिर, दुसरा शलाका.

तिमिर म्हणजे अंधार, हे झालेच. पण आयुर्वेदात तिमिर हे डोळ्याच्या एका रोगाचेही नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात त्याचे वर्णन आहे. धूसर दिसू लागते, डोळ्यापुढे माशा, केस, जाळी असल्यासारखे वाटते. दुर्लक्ष केले की रोग आत आत जातो आणि शेवटी लिंगनाश होतो, म्हणजे दृष्टी जाते. त्यातल्या कफाने होणाऱ्या प्रकारावर सुश्रुताने शस्त्रकर्म सांगितले. शलाकेने आतला पडदा दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारायचा आणि तूप लावून पट्टी बांधायची. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी डोळे, कान, नाक यांच्या अंगाला शालाक्य म्हणतात, ते या शलाकेवरूनच.

आता तुम्ही म्हणाल, श्लोकातली काडी अंजनाची आणि वैद्याची काडी शस्त्राची. दोन्ही एक कशा? एक नाहीतच. पण काडी कुठलीही असो, ती डोळ्याला लावायची तर जवळ यावे लागते. समोरच्याची हनुवटी हातात धरावी लागते. त्याचा श्वास आपल्या तोंडावर येतो. दहा हातांवरून आशीर्वाद देऊन अंजन घालता येत नाही. आपल्या ऋषींनी गुरूला दिलेली ही उपमा सिंहासनावर बसलेल्या माणसाची नाही. ती वाकून, हात लावून काम करणाऱ्याची आहे.

हे मला सुचायचे कारण माझा धंदा. एकतीस वर्षे मी सांगली जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली. अधिकारी हा शब्द मोठा, काम साधे. डोळे तपासायचे, चष्म्याचा नंबर काढायचा, शाळाशाळांतून हिंडायचे, मोतीबिंदूचे पेशंट गोळा करून शस्त्रक्रियेला न्यायचे. डॉक्टर मी नव्हे. निवृत्तीनंतर वाडीला आणि औदुंबरला जाणे, गुरुवारी दोन शब्द बोलणे, असा क्रम चालला होता. एका परिचित डॉक्टरांनी विचारले, नेपाळात महिनाभर शिबिराच्या कामाला येता का? पगार नाही, राहणे-जेवणे त्यांचे. घरच्यांनी गुडघ्यांची आठवण करून दिली. मी होकार कळवला.

परदेश म्हणावा, तर पारपत्र लागत नाही. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सोनौलीची हद्द ओलांडायची, पुढे बसने काठमांडू. पाट्या देवनागरीत. आपण ज्याला मोतीबिंदू म्हणतो त्याला तेही मोतीबिन्दुच म्हणतात. काचबिंदूला मात्र जलबिन्दु. हा शब्द पुढे येणार आहे, लक्षात ठेवा.

निघताना मनात थोडी फुशारकी असते, आपण मोठ्या देशातले, लहान देशाला मदत करायला निघालो. ती हद्दीवरच उतरते. लहान आणि भैरहवा या तराईतल्या नेत्ररुग्णालयांत कितीतरी वर्षे बिहार आणि उत्तर प्रदेशातून लोक डोळे करून घ्यायला जात आहेत. म्हणजे आपले गरीब तिकडे जातात, आणि मी निघालो होतो सेवा करायला! मला तर मनातल्या मनात हसू आले.

या नेपाळात १९८१ साली अंधत्वाची पाहणी झाली, तेव्हा हजारी सुमारे आठ माणसे दोन्ही डोळ्यांनी आंधळी निघाली. सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. डोंगर, रस्ते नाहीत, डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ही स्थिती बदलण्यात ज्यांचा हात आहे त्यांत डॉ. सन्दुक रुइत यांचे नाव पहिल्या ओळीत येते. तिबेटच्या सीमेजवळच्या ओलांगचुंग गोला या गावचे हे गृहस्थ. शाळेसाठी वडिलांबरोबर कित्येक दिवस चालत दार्जिलिंगला गेले. वैद्यकीय शिक्षण लखनौला घेतले. टाका न घालता छोट्या छेदातून मोतीबिंदू काढायची आणि आत कृत्रिम भिंग बसवायची पद्धत त्यांनी डोंगरातल्या शिबिरांत चालेल अशी बसवली. १९९४ मध्ये काठमांडूला पशुपतिनाथाच्या जवळ तिलगंगा नेत्रसंस्था सुरू झाली. फ्रेड हॉलोज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने हात दिला. परदेशी भिंगे गरिबाला परवडत नव्हती, म्हणून भिंगांचा कारखानाच तिथे काढला आणि भिंग काही डॉलरांवर आले. २००६ मध्ये रुइत यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०१८ मध्ये आपल्या सरकारने पद्मश्री दिली. त्यांचे मोठेपण सांगायला मी उभा नाही. मला त्यातली एकच गोष्ट भावते. पेशंट खाली येऊ शकत नाही ना, मग आपण वर जायचे. आपले दत्तमहाराज तरी काय करतात? स्नान एकीकडे, भिक्षा कोल्हापुरी, निद्रा माहुरी. एका जागी बसून भक्ताने यावे म्हणणारा हा देव नव्हे. तो झोळी घेऊन दारात येतो.

आमचे शिबिर नुवाकोट जिल्ह्यात, डोंगरातल्या एका शाळेत होते. दोन वर्गांची बाके एकावर एक रचून बाहेर काढली, भिंती धुतल्या, एका वर्गात शस्त्रक्रिया, दुसऱ्यात तपासणी. माझ्याकडे तपासणीची रांग. बोटे किती दिसतात, हात हललेला कळतो का, तेही नाही तर बॅटरीचा उजेड कुठल्या बाजूने येतो ते सांगता येते का. मग रक्तदाब, साखर, अश्रूच्या पिशवीतून पाणी नीट जाते का. ज्यांची निवड होईल त्यांच्या कपाळावर, ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया त्या डोळ्याच्या वर, चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. म्हणजे आत गेल्यावर घोटाळा नको.

माणसे कशी आली ते सांगतो. चालत आली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आली, आणि डोकोत बसून आली. डोको म्हणजे वेताची किंवा बांबूची पाठीवरची मोठी टोपली. तिचा पट्टा कपाळावरून घेतात, त्याला नाम्लो म्हणतात. सरपण, गवत, खत ज्यातून नेतात त्याच डोकोत आई नाहीतर बाप बसवायचा आणि डोंगर चढायचा-उतरायचा. श्रावणबाळाची कावड आपण चित्रात पाहिली. मी तिथे ती रांगेत उभी पाहिली.

आत एक तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया करीत. बाधीर करण्याचे इंजेक्शन दिलेले, पेशंट जागा. माझे एक काम असे की घाबरलेल्या म्हाताऱ्यांचा हात धरून बसायचे. महिना मंसिरचा, नेपाळात लग्नसराईचा. शाळेच्या भिंतीला लागूनच पायवाट. एके दुपारी वऱ्हाड निघाले, सनई, नगारे, झांजा, सगळे दणाणून गेले. आमच्या पोरांनी खिडक्यांना लोंबून वरात पाहिली. डॉक्टरांची मान सूक्ष्मदर्शकातून हलली नाही. संध्याकाळी चहाला मी म्हटले, वरात जोरात होती. ते म्हणाले, कुठली वरात?

तुम्ही ओळखले असेल मी कुठे चाललो आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात एक बाण करणारा आहे. तो बाण सरळ करण्यात असा गढला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली ती त्याला कळली नाही. आम्ही प्रवचनकार हा दृष्टांत ध्यानासाठी सांगतो. पण तो बाण करणारा काही ध्यानाला बसला नव्हता हो! तो त्याचे रोजचे काम करीत होता. नीट केलेल्या कामाला अवधूताने गुरू केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडायच्या. अंगणात ओळीने बसवतात, गरम पाण्याने डोळ्यांभोवतीचे पुसून घेतात. आपल्याला वाटते, पट्टी सुटली की माणूस डॉक्टरांचे पाय धरील. काही धरतात. पण एक आजोबा मला विसरता येत नाहीत. पट्टी सुटल्यावर त्यांनी आधी स्वतःचे दोन्ही तळहात पाहिले, उलटेसुलटे, नखेसुद्धा. मग शेजारी बसलेल्या बायकोकडे वळून काहीतरी रागाने बोलले आणि सगळी ओळ हसली. मला कोणी सांगितले, ते म्हणतात, मी बघत नव्हतो तेवढ्यात तू एवढी म्हातारी कशी झालीस? डॉक्टर त्यांच्या समोर उभे होते, त्यांच्याकडे आजोबांनी पाहिलेही नाही. आणि डॉक्टर पुढच्या पट्टीकडे गेले.

शलाका अशी असते. काम झाले की ट्रेमध्ये, तिथून वाफेच्या भांड्यात, पुन्हा दुसऱ्याच्या डोळ्यासाठी. तिला कोणी हार घालत नाही. हल्ली आपल्याकडे शिबिरे पुष्कळ होतात आणि चांगली होतात, पण पेशंटपेक्षा फलक मोठा आणि पट्टी सोडताना तिघांचे हात एका पट्टीला, फोटोसाठी, हे मी पाहिलेले आहे. मी काही बोलत नाही. दत्तमहाराज बघून घेतील.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. आतापर्यंत ज्यांना दिसू लागले त्यांच्या गोष्टी झाल्या. ज्यांना दिसणार नव्हते त्यांचे काय?

तिसऱ्या दिवशी एक तामाङ म्हातारी आली. तिला तिचा मुलगा दीड दिवस डोकोतून घेऊन आला होता. मुलगा पंचेचाळिशीचा असेल. ती तामाङ बोलीत बोले, तो मला नेपाळीत सांगे. तिकडे आईला आमा म्हणतात, मीही आमा म्हणू लागलो. आमाचे दोन्ही डोळे वरून स्वच्छ होते, मोतीबिंदूचा पांढरेपणा नाही. तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. बॅटरी धरली, उजवीकडून, डावीकडून, वरून. तिने प्रत्येक वेळी मान हलवली, नाही. बाहुली हलत नव्हती. डॉक्टरांनी आत पाहिले आणि म्हणाले, जलबिन्दु. दोन्ही. संपले आहे.

काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते. गेलेली नजर कुठल्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदू आणि काचबिंदू, नावे जुळी बहिणींसारखी, पण एकीचे दार पुन्हा उघडते, दुसरीचे नाही.

आमाला मी अंगणातल्या ओट्यावर बसवले. भोवती सगळ्यांच्या कपाळावर पट्टीचे तुकडे. तिला ते दिसत नव्हते, पण बाया एकमेकींच्या पट्ट्या चाचपून बोलत होत्या ते ती ऐकत होती. तिने हात उचलला आणि स्वतःच्या कपाळावरून बोटे फिरवली. एकदा, दोनदा. मग मुलाला काहीतरी विचारले. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला सांगायची गरजच नव्हती. माझी पट्टी कुठे, असेच ती विचारत होती.

आमच्यात एक सेवाभावी तरुण होता, मन मऊ. तो म्हणाला, काका, जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ आणि पुढच्या वर्षी या म्हणू. निदान आज तरी समाधानाने जाईल. त्याचा हेतू वाईट नव्हता. मी म्हटले, बाळा, पुढच्या वर्षी हा मुलगा पुन्हा दीड दिवस तिला पाठीवर आणील, त्याचे काय? खोट्या आशेचे ओझे आपल्या पाठीवर नसते, म्हणून आपल्याला ते हलके वाटते.

मी तिच्याशेजारी बसलो, तिचा हात हातात घेतला आणि मुलामार्फत सांगितले. आमा, डोळा आता होणार नाही. तुमचे काही चुकलेले नाही. हा रोग न दुखता येतो, कळत नाही. मुलाने सांगितले. ती काही बोलली नाही. हात मात्र काढून घेतला नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही, माझी रांग दुसऱ्याने सांभाळली.

मग मला नोकरीतली सवय आठवली. काचबिंदू घराण्यात चालतो. आई-बाप, भावंडे यांच्यापैकी कोणाला असला तर बाकीच्यांना धोका जास्त. मी मुलाला म्हटले, तुम्ही बसा बघू तपासायला. तो म्हणाला, मला तर दिसतं. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, समोरचे शेवटपर्यंत दिसत राहते, म्हणून प्रत्येक जण असेच म्हणतो. डॉक्टरांनी दाब पाहिला, वाढलेला. एका डोळ्याची नस थोडी खराब झालेली, दुसरी शाबूत. आज थेंब सुरू केले आणि सोडले नाहीत, तर राहिलेली नजर सांभाळता येण्यासारखी होती. त्याला ते समजावून सांगितले, सकाळ-संध्याकाळ कसे घालायचे ते करून दाखवले.

तो आईजवळ गेला, तिला हे सगळे तिच्या बोलीत सांगितले. तिने पुन्हा पुन्हा विचारून घेतले. मग ती जे बोलली ते त्याने मला लगेच सांगितले नाही, घसा साफ करून सांगितले. ती म्हणाली होती, म्हणजे याला मीच इथे घेऊन आले.

सज्जनहो, दीड दिवस पाठीवर बसून आलेली बाई हे बोलली.

माझ्या मनात तेव्हा जो प्रश्न आला तो तुमच्याही मनात आला असेल. तिच्यावर गुरुकृपा का नाही झाली? ओळीतल्या बाकी सगळ्यांवर झाली, हिने काय केले होते? आपल्याकडे याला एक तयार उत्तर असते, पूर्वजन्मीचे भोग. कर्मसिद्धांत खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो सिद्धांत स्वतःच्या दुःखाला लावण्यासाठी आहे, आंधळ्याच्या दारात उभे राहून त्याला ऐकवण्यासाठी नाही. आपल्या दत्तमाउलीची आई कोण? अनसूया. असूया म्हणजे दुसऱ्याच्या ठिकाणी दोष पाहणे. ती जिच्या ठायी नाही ती अनसूया, आणि तिच्याच पोटी तिन्ही देव बाळ होऊन आले. दुसऱ्याच्या दुःखात त्याचे पाप शोधणे यासारखी दुसरी असूया नाही. जयंतीला पाळणा हलवताना एवढे आठवले तरी पुष्कळ.

गुरुचरित्रात नरहरी या कुष्ठी ब्राह्मणाची कथा आहे. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि सांगितले, हे रोव, याला पाणी घाल. लोक हसले. लाकडाला पालवी फुटली आणि त्याचे शरीर शुद्ध झाले, हे आपण सांगतो, ऐकतो. मी नेहमी पालवीच्या आधीच्या दिवसांचा विचार करतो. लाकूड वाळकेच आहे, रोग अंगावर तसाच आहे, आणि तो माणूस घागर घेऊन चालला आहे. ते दिवस कृपेच्या बाहेरचे होते का? मला तसे वाटत नाही. श्रीगुरूंनी त्याला पालवी नंतर दिली, घागर आधी दिली. आमाचे लाकूड या जन्मी पालवले नाही. त्या ओट्यावर माझ्या हाती घागर होती, एवढेच मला कळले. कोणाचे लाकूड पालवावे हा हिशेब ज्याचा त्याच्यापाशी.

शिबिर संपवून काठमांडूला परतलो तो मार्गशीर्ष पौर्णिमा आलेली. दत्तजयंती, आणि मी घरापासून इतका लांब. तेव्हा कळले की भक्तपूरला दत्तात्रेयाचे मंदिर आहे. ताचपाल टोल या जुन्या चौकात, यक्ष मल्ल राजाच्या काळातले, पंधराव्या शतकातले. एकाच झाडाच्या लाकडातून बांधले असे तिथले लोक सांगतात. दारात दोन दगडी मल्ल उभे, पुढे खांबावर गरुड. २०१५ च्या भूकंपात भक्तपूरची देवळे पडली, हे उभे राहिले. त्याच पौर्णिमेला नेवार लोकांचा योमरी पुन्ही हा सण असतो. नव्या तांदळाच्या पिठीची पारी, आत गूळ आणि तीळ, आणि वाफवायचे. चवीला आपल्या उकडीच्या मोदकाचा मामेभाऊ! एका नेवार आजींनी माझ्या हातावर एक ठेवली. मी मनातल्या मनात पाळणा म्हटला.

तिथे उभा असताना नावाचा अर्थ पुन्हा डोक्यात आला. दत्त म्हणजे दिलेला. अत्रिऋषींना देवाने वर दिला नाही, स्वतःला दिले. देणारा आणि दिलेला यांत फरक आहे. देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. दिलेला दुसऱ्याच्या घरचा होऊन जातो. सेवेला निघताना आपण स्वतःला देणारे समजतो, तिथे गोम आहे.

हा दिलेला शब्द मला दुसऱ्या दिवशी फार वेगळ्या जागी भेटला. पशुपतिनाथाच्या आर्यघाटावर, बागमतीच्या काठी, चिता जळत असतात. तिथेच नेपाळ नेत्रपेढीची खोली आहे. प्रेत घाटावर आले की पेढीची माणसे हळू आवाजात घरच्यांशी बोलतात, बुबुळाचा वरचा काचेसारखा पडदा द्याल का म्हणून. घरचे हो म्हणाले तर तिथेच, अग्नी देण्याआधी, तो काढून घेतात. एका घरच्यांचे बोलणे मी लांबून पाहिले. मुलगा तयार, एक वडीलधारे मान हलवत होते. त्यांचा शब्द ऐकू आला नाही, पण मला तो पाठ आहे, कारण सांगलीत एकतीस वर्षे मी तोच ऐकला. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा जन्माला येईल.

तुमच्यातल्या पुष्कळांच्या मनात हे आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. देह हे वस्त्र, आत्मा ते टाकून नवे घेतो, हे आपण गीतेतून मानतो. मग टाकलेल्या वस्त्राची गुंडी नव्या वस्त्राला लागते कशी? आणि डोळे नाही दिले तरी तासाभरात ते अग्नीतच जायचे ना? अग्नीला दिलेले डोळे पुढच्या जन्मी परत मिळतात आणि माणसाला दिलेले मिळत नाहीत, हा हिशेब कुठल्या ग्रंथात आहे मला दाखवा. दधीची ऋषींनी देवांना अस्थी दिल्या, त्यांना कोणी विनाअस्थीचे म्हटले नाही. आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी अनेकदा पाहिले आहे.

बाकीचे व्यवहाराचे. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली, मधुमेह असला, वय ऐंशी असले तरी नेत्रदान करता येते. आधी अर्ज भरलेला नसला तरी चालते, घरच्यांची संमती पुरते. सहा तासांच्या आत व्हायला हवे. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी द्यायची. ज्यांची नजर नस खराब झाल्याने गेली त्यांनाही देता येते, कारण पुढचा पडदा चांगला असतो. म्हणजे ती आमासुद्धा देऊ शकली असती. हे तिला तेव्हा कोणी बोलले नाही, आणि तो ओटा ते बोलायची जागाही नव्हती.

अवधूताच्या चोवीस गुरूंत पतंगही आहे, दिव्यावर झेप घेऊन जळणारा. तो डोळ्यांचाच गुरू. नजर असून ती कुठे लावावी हे ज्याला कळले नाही त्याचा. आम्ही उतारवयातली माणसे, आमची नजर दूरदर्शनवर आणि शेजाऱ्याच्या अंगणात. एरवी यावर मी अर्धा तास बोलतो, आज एवढेच.

त्या मुलाचा फोन आमच्या शिबिरातल्या एका नेपाळी परिचारिकेला अधूनमधून येतो, ती मला कळवते. थेंब चालू आहेत. दर महिन्याची बाटली आणायला तो खाली त्रिशूलीच्या बाजूला उतरतो. आमा घरी आहे. सकाळी थेंब घालायची वेळ झाली की तीच त्याला हाक मारते.

यंदा उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून आपल्या सभामंडपात डोळे तपासायला मी आणि आणखी दोघे बसणार आहोत. ज्यांच्या घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू आहे किंवा होता, त्या चाळिशीपुढच्या सगळ्यांनी यावे, दिसते आहे असे वाटत असले तरी यावे. मोतीबिंदू पिकू द्यायची वाट पाहत घरी बसलेल्यांनीही यावे, आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. येताना जुना चष्मा आणि चालू औषधांची चिठ्ठी आणावी. महाप्रसाद साडेबारानंतर आहे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥